ग्राहक आणि शेजारी : पेण-रोह्यातून ऑनलाइन जनसंपर्काकडे

व्यवसायाचा ऑनलाइन जनसंपर्क हा विषय अभ्यासायला घेतला की हाती पडतात ती बहुधा बड्या कंपन्यांची उदाहरणे. त्यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने सुरुवात रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांपासून करावी, असा माझा आग्रह आहे. दिव्याहून सुटणारी मेमू पेणवरून रोह्याला जाऊन थांबते, आणि तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. एवढ्याशा टापूत या विषयाचे दोन्ही मूळ प्रश्न भेटतात. ज्याने पैसे मोजले त्याच्याशी कसे बोलावे? आणि ज्याने आपल्याकडून काहीच विकत घेतले नाही, पण आपल्या धंद्याचे बरेवाईट ज्याच्या दाराशी येते, त्याच्याशी कसे बोलावे?

पहिला प्रश्न पेणचा. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे अशा गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. डोळ्यांची आखणी ही इथल्या हाताची ओळख. पिढ्यान्‌पिढ्या या मूर्ती व्यापाऱ्यांमार्फत मुंबई-पुण्याला गेल्या. ‘पेणच्या मूर्ती मिळतील’ ही पाटी राज्यभर दिसते, आणि ती लावणारा बहुधा मूर्तिकार नसतो. गावाचे नाव असे सर्वदूर झाले; मूर्ती घरी नेणाऱ्याचे म्हणणे मात्र कारखान्यापर्यंत क्वचितच पोचे. जानेवारी २०१८मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आले, पुढच्याच वर्षी त्यात मालाची सचित्र यादी लावायची सोय झाली. आता ठाण्यातले किंवा न्यू जर्सीतले कुटुंब थेट मूर्तिकाराला विचारू शकते. ते मराठीत विचारते, कधी रोमन लिपीतल्या मराठीत, कधी आवाजी संदेश पाठवून. ज्या रीतीने विचारले त्याच रीतीने उत्तर द्यावे, ही शिकवण मला पाठ्यपुस्तकांत फारशी सापडत नाही. कारखान्यात ती कोणी न सांगता पाळली जाते.

या विचारण्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मूर्ती कशाची आहे. रंगवून झाल्यावर शाडू आणि पीओपी यांतला फरक फोटोत कळत नाही. घरी आणल्यावर मात्र वजन वेगळे, आणि विसर्जन तर फारच वेगळे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून पीओपीला विरोध केला. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण परवानगीवाचून त्या नैसर्गिक जलाशयांत सोडू नयेत असे बजावले. म्हणजे मूर्तिकाराच्या एका शब्दावर दूरचे कुटुंब आपले विसर्जन ठरवते. ऑनलाइन ग्राहकसंवादाची नीती शिकायची असेल, तर या एका उत्तरात ती जवळजवळ सगळी आहे. किमतीच्या आधी माती लिहिणारा मूर्तिकार आपल्याबरोबर साऱ्या पेणचे नाव राखतो, कारण ते नाव सगळ्यांचे सामाईक आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० यांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच देण्याचे आणि महिन्याच्या आत निवारण करण्याचे बंधन घातले. इतर मालाला ही मुदत पुरते. प्रवासात मूर्तीचा हात दुखावला आणि चतुर्थी परवावर आली, तर महिन्याचा अर्थ उरत नाही. खंडित मूर्ती पूजेला बसवत नाहीत, आणि पैसे परत मिळाल्याने मखर भरत नाही. अशा वेळी ग्राहकाला हवी असते त्याच्या गावाजवळ दुसरी मूर्ती कुठे मिळेल याची खबर. ती देण्यासाठी मूर्तिकाराला आपले व्यापारी, आपले प्रतिस्पर्धीसुद्धा, ओळखीत ठेवावे लागतात. मोसमाचे हे गणित या विषयाच्या सिद्धान्तात अजून नीट आलेले नाही, आणि ते यायला हवे.

रोह्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचा बराचसा माल दुसऱ्या कारखान्यांकडे जातो. त्याला तारे देणारा ग्राहक नाही. वसाहतीजवळून वाहणाऱ्या कुंडलिका नदीवरच, वरच्या अंगाला, कोलाडला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर राफ्टिंग चालते; तिथे पर्यटक अभिप्राय लिहितो आणि धंदा त्यावर उभा राहतो वा पडतो. खाली धाटावपाशी बोलणारा असतो तो नदीकाठचा गावकरी, खाडीतला मासेमार. रात्री वास आला, पाण्याचा रंग बदलला, भोंगा वाजला की प्रश्न कंपनीच्या पानावर येत नाही; तो गावच्या ग्रुपवर फिरतो, आणि तिथे कंपनी नसते.

जनसंपर्क व्यावसायिक आयव्ही ली यांनी १९०६मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणमालकांच्या वतीने वृत्तपत्रांना कळवले होते, की आमचे काम उघडपणे चालेल आणि माहिती तत्परतेने व अचूक मिळेल. जनसंपर्काचा इतिहास सांगताना हे निवेदन हटकून येते. आपल्याकडे १९८९च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी याहून पुढचे मागितले आहे : मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने, अपघात होण्याआधीच, आसपासच्या लोकांना धोका कसला आणि काय करावे हे सांगायचे. रोह्यातला जनसंपर्क मी या नियमापासून शिकवीन. रात्री अकरा वाजता उचलला जाणारा एक फोन नंबर, त्यामागे गावाला नावाने माहीत असलेला माणूस, आणि ‘कारण अजून कळलेले नाही, पुढची माहिती बारा वाजता देतो’ असे म्हणून ठीक बारा वाजता दिलेली माहिती. सणाच्या शुभेच्छांची रंगीत चित्रे याची जागा घेऊ शकत नाहीत.

ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी १९८४मध्ये जनसंपर्काची चार प्रारूपे मांडली. त्यांतल्या शेवटच्या प्रारूपात संस्था लोकांचे ऐकून स्वतःही बदलते. ते वाचताना पुष्कळांना ते आदर्शवादी वाटते. पेणमध्ये ग्राहकांनी मागितल्यावर शाडूच्या लहान मूर्ती घडवणारा कारखानदार तेच करत असतो, म्हणून मला ते तितके दूरचे वाटत नाही. धाटावला ते कितपत उतरले आहे, हा संशोधनाचा प्रश्न आहे आणि तो घ्यायला विद्यार्थी हवे आहेत.

येणाऱ्याने पेणला भाद्रपद सरल्यावर जावे, तेव्हा कारखान्यात बोलायला सवड असते. मूर्तिकाराच्या परवानगीने, ग्राहकांची नावे-नंबर आधी झाकून, मोसमातले संदेश क्रमाने वाचावेत : पहिला प्रश्न कोणता होता, उत्तर किती वेळाने गेले, पुढच्या वर्षी तेच घर परत आले का. धाटावला गेल्यावर कारखान्याच्या फाटकाआधी ग्रामपंचायतीत जावे, आणि मागच्या वेळी वास आला तेव्हा कोणाला फोन केला होता, तो कोणी उचलला, हे आधी विचारून घ्यावे.