शेवटच्या कडव्यातलं नाव

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की वाटेत पाली लागतं. या पट्ट्यातल्या गावांमध्ये भीमजयंती १४ एप्रिलला संपत नाही. आज या गावात, उद्या त्या गावात, असे गायन पार्ट्यांचे कार्यक्रम मे महिन्यापर्यंत चालतात. स्टेजवर पेटी, ढोलकी, बँजो, मागे कोरस आणि समोर वर धरलेले मोबाईल. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ येतो. त्यावर गायकाचं नाव असतं, गावाचं असतं, मंडळाचं असतं, कधीकधी साउंडवाल्याचंही असतं. गाणं लिहिणाऱ्याचं मात्र बहुतेक वेळा नसतं.

पण तेच गाणं शेवटपर्यंत ऐका. शेवटच्या कडव्यात हळूच एक नाव येतं. बऱ्याचदा ते असतं ‘वामन’.

हे वामन म्हणजे वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. लहानपणी शाळा मिळाली नाही, अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. १९४३पासून लिहू लागले आणि पुढची साठ वर्षं लिहीत, गात, गावोगाव फिरत राहिले. गाण्यांची संख्या हजारांत जाते. त्यांची पुस्तकंही निघाली. त्यातल्या एकाचं नावच ‘हे गीत वामनाचे’. तरी त्यांची बहुतेक गाणी लोकांपर्यंत पोचली ती पुस्तकातून नाही, दुसऱ्यांच्या गळ्यातून.

शेवटी नाव गुंफायची ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही. तिला नाममुद्रा म्हणतात. ‘तुका म्हणे’ आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई घ्या. दासी म्हणून आयुष्य गेलं, पण अभंगात ‘जनी’ हे नाव बसवलेलं होतं. सातशे वर्षं कीर्तनकार, टाळकरी, दळणाऱ्या बायका तिचे शब्द म्हणत आल्या आणि प्रत्येक वेळी नावही म्हणत आल्या. छापखाना नव्हता, रॉयल्टी नव्हती. नाव गाण्याच्या आतच शिवलेलं होतं, म्हणून टिकलं.

या शिवणीला धक्का दिला तो रेकॉर्डिंगने. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. कार्यक्रमातलं गाणं मात्र सहज पंधरा मिनिटं चालतं. आधी शेर, मग मुखडा, मध्येच गायक थांबून ओळीचा अर्थ सांगतो, कोणी नोट धरली की तीच ओळ पुन्हा घेतो. ते तीन मिनिटांत बसवायचं तर कडवी कापावी लागतात. आणि शेवटचं कडवं गेलं, की त्यासोबत नावही जातं.

१९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. टेपरेकॉर्डर स्टेजजवळ ठेवून अख्खा कार्यक्रम भरून घेता येऊ लागला. अशा रेकॉर्डिंगचा आवाज खरखरीत, मागे पोरांचा गलका, मध्येच माईकची शिट्टी. पण त्यात पूर्ण गाणं असतं. शिवाय स्टुडिओत कधीच न येणारी एक गोष्ट असते: गाण्याआधी गायकाने म्हटलेलं ‘हे दादांचं गाणं’. इतिहास लिहिणाऱ्याला या एका वाक्याचा मोठा आधार असतो.

आता मोबाईल आहे. त्याचं देणं मोठं आहे. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या, छत्रपती संभाजीनगरमध्ये राहणाऱ्या कडुबाई खरात लोकांच्या मोबाईलमधल्या व्हिडिओंमुळेच महाराष्ट्रभर पोचल्या. त्यांच्या दारात कंपनी आधी आली नव्हती, कॅमेरेवाली पोरं आली. पण याच मोबाईलवर रील बहुतेकदा काही सेकंदांचीच असते. तबकडी निदान तीन मिनिटं द्यायची!

कायदा लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ सांगतं, की हक्क विकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. १९९४च्या दुरुस्तीने गायक-वादकांनाही कलावंत म्हणून हक्क दिले. पण गावातल्या कार्यक्रमात कलम कोण काढतं? तिथे लेखकाचा हक्क गायकाच्या तोंडात असतो. त्याने शेवटचं कडवं गायलं तर आहे, नाही गायलं तर नाही.

नाव जपणं अवघड नाही, हे याच जिल्ह्यात दिसलेलं आहे. १९९६ साली गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. ओवी कोणा एकीची नसते, तिला नाममुद्राही क्वचितच असते. तरी त्यांनी ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. म्हणून आज आपण ‘एक अज्ञात स्त्री’ न म्हणता त्या बाईला नावाने ओळखू शकतो.

१५ मे २००४ला वामनदादा गेले. पाचेक आठवड्यांनी, २३ जूनला प्रल्हाद शिंदेही गेले. शिंद्यांचा आवाज एका सेकंदात ओळखू येतो. लिहिणाऱ्याला मात्र आवाज नसतो, त्याच्याकडे फक्त ते एक नाव असतं. ज्या समाजाला शतकानुशतकं लिहूच दिलं नाही, त्यातला एक माणूस मोठेपणी अक्षरं शिकतो आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव लिहितो. ते कापलं गेलं तर गाणं नुसतं आखूड होत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये मोबाईल वर धराल, तेव्हा हात दुखला तरी शेवटच्या कडव्यापर्यंत धरा. त्यात नाव नसेल, तर कार्यक्रम संपल्यावर गायकाला विचारा, ‘दादा, हे लिहिलंय कोणी?’ तो सांगेल. ते व्हिडिओखाली टाका. गायकाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात.