शोभा, सोय आणि एकशे साठ चौरस फूट

मागच्या दोन व्याख्यानांत आपण मुंबईच्या वस्त्या बाहेरून पाहिल्या. रस्ते कसे आखले, गिरण्या कुठे उभ्या राहिल्या, चाळी कोणी बांधल्या. आज उंबरा ओलांडून आत जाऊ.

विषय घरगुती आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथली कितीतरी कुटुंबं सध्या एकाच पेचात आहेत. जुनं घर नव्यानं लावायचंय, किंवा जुन्या खोलीच्या बदल्यात टॉवरमध्ये फ्लॅट मिळालाय. मग आजोबांचं शिसवी कपाट, आजीचा झोपाळा, तांब्याचा बंब, यांचं काय करायचं? मुलगा म्हणतो जागा अडते. वडील म्हणतात घराची शान जाते. इंटिरियर डिझायनर म्हणतो, काळजी करू नका, बंबाचा दिवा करून देतो.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, सुतारकाम नव्हे. पण या भांडणात एक गोम आहे आणि ती आमच्या धंद्यातली आहे. शोभा एका पारड्यात, सोय दुसऱ्या पारड्यात, आणि आपण मधोमध तराजू धरून उभे, असं सगळे गृहीत धरतात. ही दोन पारडी आपल्या घरांत आली कधी? आणि सोय म्हणतो, तेव्हा ती घरातल्या नेमक्या कोणाची?

सुरुवात प्लेगपासून करू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि सरकारला पहिल्यांदा खोल्यांच्या आत डोकवावंसं वाटलं. हवा नाही, उजेड नाही, माणसं कोंबलेली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी त्याच्याच. पुढे १९२०मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन, एका इमारतीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. हा आकडा लक्षात ठेवा.

या खोलीत काय काय मावायचं? एका कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी पाण्याचं पिंप. भिंतीवर भांड्यांची मांडणी, वर फळी, फळीवर डबे. छताखाली कपड्यांची दांडी. उंची असेल तिथे पोटमाळा. खुंट्या, कोनाड्यात देव, भिंतीला लागून ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या. खाट असलीच तर एक, तीही म्हाताऱ्या माणसाची किंवा बाळंतिणीची.

बाहेरून आलेला माणूस म्हणेल, ही अडगळ आहे. आमचं म्हणणं वेगळं आहे. ही खोली भिंतींनी विभागलेली नव्हती, घड्याळानं विभागलेली होती. पहाटे पाणी येई तेव्हा ती न्हाणीघर. सातला स्वयंपाकघर. दुपारी बायकांची निवडण-टिपण करायची जागा, संध्याकाळी अभ्यासिका आणि देवघर एकदमच, रात्री नऊनंतर शयनगृह. म्हणून प्रत्येक वस्तू उचलता, गुंडाळता किंवा टांगता येणारी. पाट मांडला की जेवणघर झालं, पाट उभा केला की संपलं. आज तुम्ही ‘मल्टिपर्पज फर्निचर’ म्हणून पैसे मोजता, ते आमच्या आज्यांना वळकटी या एका शब्दात ठाऊक होतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत सगळं कुटुंब. सामान, धूर, जातं, शिवाय एक बकरी. शाळकरी भीमाला अभ्यासाला जागा नाही. सुभेदार रामजींनी काय केलं? मुलाला संध्याकाळी लवकर झोपवलं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहिले, मग त्याला उठवलं आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे झाले. एका वस्तूचीही जागा न बदलता केलेली ही घराची फेरमांडणी आहे. पण या सोयीची किंमत बापाच्या झोपेनं चुकवली, हेही विसरू नका.

पुढे परळच्याच बीआयटी चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या मिळाल्या. त्यातली एक बरीचशी पुस्तकांच्या ताब्यात गेली. आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधलं, ते ग्रंथसंग्रहाला मध्यभागी ठेवून. कुटुंब खाली, वरचा मजला ग्रंथांचा. आधी दिवाणखाना आखून उरलेल्या भिंतीला पुस्तकाचं कपाट लावण्याची आपली जी रीत आहे, तिच्या हे अगदी उलट. इथे शोभा आणि सोय वेगळी काढून दाखवा पाहू! रमाबाईंना मात्र ते घर फार दिवस लाभलं नाही. २७ मे १९३५ला तिथेच त्यांचं निधन झालं.

आता एक वस्तू घेऊ. लोखंडी कपाट. १८९७ साली लालबागच्या एका शेडमध्ये अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली आणि १९२३मध्ये या कंपनीची पोलादी कपाटं आली. चाळीत दार दिवसभर उघडं, शेजारी आत-बाहेर, सगळं सगळ्यांना दिसणार. तिथे या कपाटाच्या आतला छोटा लॉकर ही बाईची एकमेव खासगी खोली होती असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. मंगळसूत्र, पोस्टाचं पासबुक, माहेरचं पत्र. दाराला आरसा, म्हणजे वेगळं ड्रेसिंग टेबल नको. ते कोणी शोभेसाठी घेतलं नव्हतं. आज त्याला ‘व्हिंटेज’ म्हणतात.

हे होतं कसं? कांटनं १७९०च्या ग्रंथात सौंदर्याच्या अनुभवाबद्दल एक अट घातली: वस्तूशी आपला काही हेतू, काही स्वार्थ गुंतलेला नसावा. पाणी तापवायचं असेल तर बंब हा बंब असतो, त्याची राख काढावी लागते, चिंचेनं घासावा लागतो. गीझर आला की त्याच्या तोटीचा डौल दिसायला लागतो. म्हणजे ‘क्लासिक’ हा पुष्कळदा निवृत्तीनंतर मिळणारा किताब आहे. (आम्हालाही निवृत्तीनंतरच सत्काराची निमंत्रणं यायला लागली.) आणि गंमत पाहा, बंबाची शोभा पहिल्यांदा त्याला दिसते, ज्याला तो कधी घासावा लागला नाही.

दादरकडे वळू. १९२०-३०च्या दशकांत दादर-माटुंग्याला नव्या इमारती झाल्या आणि ‘ब्लॉक’ हा शब्द मराठी घरात शिरला. स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर, आणि मुख्य म्हणजे संडास घरात. आज हे क्षुल्लक वाटेल. तेव्हा सोवळं पाळणाऱ्या घरांना संडास स्वयंपाकघरापासून चार पावलांवर ही कल्पना सहन होत नव्हती. आधीच्या इमारतींत मागच्या बाजूला लोखंडी जिना असे, तो सफाई करणाऱ्या माणसासाठी. त्यानं पुढच्या दारानं येऊ नये म्हणून. भूमिगत गटारं आणि फ्लश आल्यावर या जिन्याचं कारण संपलं. जातीनं ठरवलेला घराचा नकाशा नळानं बदलला. निदान त्या एका जागेपुरता.

चाळीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांना आम्ही नेहमी हीच जागा दाखवतो. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाला जायचं, हातात डबा, पावसाचे दिवस, गुडघे दुखताहेत. हा प्रश्न गणेशोत्सवाच्या आठवणींत येत नाही. आमच्या मते मुंबईच्या घरात शंभर वर्षांत झालेली सर्वांत मोठी सुधारणा कोणती असेल, तर ती घरातला संडास. सोफा नव्हे.

ब्लॉकनं दुसरी एक गोष्ट केली. वेळेनं विभागलेल्या खोलीच्या जागी नावानं विभागलेल्या खोल्या आल्या. बैठकीची, झोपायची, जेवायची. आता दिवसभर एकच काम करणारी खोली सजवता येते. रिकामी असतानाही ती काहीतरी असते. नोव्हेंबर १९३७मध्ये भारतीय वास्तुविशारदांच्या संस्थेनं मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं. घर आधी चित्रासारखं बघायचं, मग तसं लावायचं, हा प्रवास इथून मध्यमवर्गात पसरला. आपली दोन पारडी तिथली आहेत. राहतो ते एक घर आणि दाखवतो ते दुसरं, असं झाल्याशिवाय शोभा आणि सोय भांडूच शकत नाहीत.

सोय कोणाची, हा प्रश्न स्वयंपाकघरात सगळ्यात टोचतो. १९२६मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्टच्या कामगार घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण साडेसहा चौरस मीटर, म्हणजे सत्तर चौरस फूट. पावलं मोजून, हात कुठवर पोचतो ते पाहून. आपल्याकडे बाई चुलीपुढे, शेगडीपुढे बसून रांधत होती. ओटा आला, आणि १९५५पासून मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळू लागला, तशी ती उभी राहिली. धूर गेला, हे निर्विवाद चांगलं. पण भिंतीमागचा ओटा म्हणजे बाई भिंतीकडे तोंड करून आणि घर तिच्या पाठीशी. एका खोलीत सगळ्यांच्या गप्पांत बसून भाकरी थापणारी बाई ब्लॉकमध्ये एकटी पडली. फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघरावरही पुढे हाच आक्षेप घेतला गेला. आणि डायनिंग टेबल आलं म्हणून ती सगळ्यांबरोबर जेवायला बसली का? चार खुर्च्या भरल्या आणि ती गरम पोळी वाढत उभी. पंगत गेली, पंगतीचा क्रम राहिला.

आमच्याच क्षेत्रातल्या एका मोठ्या माणसानं घर बांधलं होतं, ते सांगून टाकतो. व्हिटगेनस्टाईननं १९२६ ते २८ या काळात व्हिएन्नात बहिणीसाठी घर उभारलं. दाराच्या मुठी, रेडिएटर, सगळं काटेकोर. घर जवळजवळ पुरं झाल्यावर एका दालनाचं छत तीन सेंटिमीटरनं वर घ्यायला लावलं. दुसरी बहीण हर्मिने हिनं घराचं कौतुक केलं, पण आपल्याला तिथे राहायला जमणार नाही असंही लिहून ठेवलं. तीन सेंटिमीटर वर घेणारे डिझायनर आजही भेटतात. फरक इतकाच की आता ते फॉल्स सीलिंग लावून छत खाली घेतात.

परळ-लालबागला परत येऊ. घड्याळावर चालणाऱ्या खोलीचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा होता. एक पाळी कामावर, दुसरी झोपलेली. म्हणून गाळ्यात इतकी माणसं मावत. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. आपण त्याचा इतिहास मजुरीच्या, नेतृत्वाच्या अंगानं वाचतो. घराच्या आतून वाचा. तीन पाळ्यांत विभागलेले पुरुष अचानक एकाच वेळी घरी. १६० चौरस फूट तेच, वेळापत्रक गेलं. पुष्कळ जण गावी गेले, त्याचं एक कारण पैसा, दुसरं हे. जे राहिले त्यांच्या घरांत पडदे आले, प्लायवूडचं पार्टिशन आलं, मोरीला दार आलं. ही कोणाची आवड नव्हती.

आता त्याच बीडीडी चाळींतल्या कुटुंबांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे. वरळीच्या पहिल्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. तिपटीहून जास्त जागा. पण नकाशावर प्रत्येक खोलीचं नाव छापलेलं आहे, आणि छत पोटमाळ्याइतकं उंच नाही. सहा माणसांच्या कुटुंबात आजीची खाट कुठे? बेडरूम मुलाची आणि सुनेची, दुसरी नातवंडांच्या अभ्यासाची. आजी हॉलमध्ये. आणि हॉल म्हणजे तर दाखवायची खोली! सोफ्याच्या, टीव्हीच्या आणि मालिकेच्या वेळेच्या मधे आजीची झोप.

कोणी सल्ला विचारलाच तर आम्ही एवढंच सांगतो की शिसवी कपाट ठेवायचं की नाही यावर नंतर भांडा. आधी एका कागदावर दिवसाचे चोवीस तास लिहा आणि घरातल्या प्रत्येक माणसापुढे, तो कोणत्या वेळी कुठे असतो ते भरा. ज्याच्या रांगेत ‘कुठेतरी’ असं येईल, त्याच्यापासून मांडणी सुरू करा. ओट्याची उंची सुतारानं सांगितलेली घेऊ नका, उभं राहणाऱ्या बाईच्या कोपराखाली पट्टी धरून घ्या. आणि मुलगाही रांधणार असेल तर दोघांची घ्या. स्वयंपाकघराच्या भिंतीत खिडकी काढता आली तर काढा. झोपाळा टांगायला कडी मिळत असेल तर जरूर टांगा, कारण तो दिवसा बैठक आहे, रात्री बाळाची अंगाई आहे आणि खाली झाडू फिरतो. बंबाबद्दल मात्र आमचं मत कोणी विचारू नये. तो ज्यांनी घासला त्यांना विचारा, आणि त्या म्हणाल्या मोडीत घाला, तर घाला.

एक वस्तू राहिली. तिला ५०० फुटांत कुठेच जागा नाही, कारण ती खोलीची नव्हतीच: गॅलरी. पापड तिथे वाळले, पोरं तिथे वाढली, भांडणं तिथे झाली आणि मिटली. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळींत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तो चाळीच्या असल्याच सामाईक जागेच्या जिवावर. तिच्याबद्दल पुढच्या वेळी बोलू. आता प्रश्न घेऊ.