‘कल्याण’ म्हणजे लग्न : तंजावरच्या रंगमंचावरची मराठी

आमच्या कसबा बावड्यात भोसले घराण्याचा विषय निघाला की बोलणे शाहू महाराजांवर येऊन थांबते. ते साहजिकच आहे. २६ जून १८७४ रोजी त्यांचा जन्म इथल्याच लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. नाटक, संगीत आणि कुस्तीला त्यांनी दिलेला आश्रय कोल्हापूरकरांना तोंडपाठ असतो. सातारची गादीही आपल्या ओळखीची. तिसरी गादी मात्र विस्मरणात जाते. ती तंजावरची. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कावेरीकाठी राज्य उभे केले. १८५५ मध्ये वारस नसल्याचे कारण देऊन इंग्रजांनी ते खालसा केले.

दिवाळीच्या आगेमागे, ५ नोव्हेंबरला, आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले, त्याची ही आठवण. पण त्याआधी सुमारे दीडशे वर्षे व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) तंजावरात मराठी नाटके रचत होते. त्यांतले ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ पुष्कळ अभ्यासक आद्य मराठी नाटकांत धरतात. पहिला मान सांगलीचा की तंजावरचा, हा वाद जुना आहे. त्या वादात एक गोष्ट बाजूला पडते. ही नाटके कोणत्या भाषांच्या शेजारात लिहिली गेली?

नाटकाच्या नावातच त्याचे उत्तर आहे. मराठी वाचक ‘कल्याण’चा अर्थ भले, मंगल असा घेईल. तमिळ आणि तेलुगूत मात्र कल्याण म्हणजे लग्न. सांगलीचे नाटक सीतेच्या लग्नाचे, तंजावरचे लक्ष्मीच्या लग्नाचे. पण तंजावरच्या मराठी राजाने आपल्या मराठी नाटकाला जे नाव दिले, ते तिथल्या प्रेक्षकांच्या कानाला ओळखीचे होते.

त्या काळचे तंजावर डोळ्यांसमोर आणावे. राज्यकर्त्यांच्या घरची भाषा मराठी, रयतेची तमिळ. आधीच्या नायक राजांनी दरबारी काव्याची भाषा म्हणून तेलुगू रुजवलेली. शास्त्राची भाषा संस्कृत. शहाजीराजांनी स्वतः तेलुगूत विपुल लिहिले. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा एकाच रंगमंचावर येतात. निरनिराळ्या देशांच्या राजकन्या कृष्णावर अनुरक्त होतात आणि जी ती आपल्या भाषेत बोलते. महाराष्ट्राची कन्याही त्यांच्यातच उभी आहे. राजाची भाषा म्हणून नाटक तिला वरच्या पाटावर बसवत नाही. शिवाजी महाराजांचा सख्खा नव्हे तरी पुतण्याच असलेल्या राजाने हे लिहावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

पुढे दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) याच वाटेने गेले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा ग्रंथप्रेमी होता. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी भरभराटीला आणले. त्यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. आपल्याकडच्या कुडमुड्या जोशासारखे भविष्य सांगणारी कुरव जमातीची स्त्री त्यात येते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि आपल्या डोंगराचे, मुलखाचे वर्णन गाते. सरफोजींनी तिच्या तोंडी अवघ्या पृथ्वीचा भूगोल घातला. साचा तमिळ, ज्ञान युरोपातून आलेले आणि भाषा मराठी!

याच सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवला. तो लेख आजही आहे. पण दगडावरची भाषा वाचायला जाणकार लागतो. रंगमंचावरची भाषा न वाचताही कानातून पुढे जाते. याचा दाखला कीर्तनात मिळतो. मराठी कीर्तनकार तंजावरात येत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी मराठी कीर्तनाची घडण आत्मसात करून तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. पुढे सी. सरस्वतीबाई यांच्यासारख्या स्त्रीनेही ती परंपरा गाजवली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली नावे तमिळ हरिकथेत जशीच्या तशी रुजली. राज्य गेले, तरी ही नावे मराठी न बोलणाऱ्यांच्या तोंडी राहिली.

मुलूख सोडून गेलेल्या माणसांना भाषेसाठी रंगमंच लागतो, हे जगात इतरत्रही दिसते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात १९७६पासून पॉलिफेस्ट हा शाळकरी मुलांचा महोत्सव भरतो. सामोआ, टोंगा, कुक बेटे अशा पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांची मुले तिथे आपापल्या भाषांतली गाणी आणि नृत्ये सादर करतात. घरात इंग्रजी शिरली तरी गाण्यात आजीची भाषा टिकते.

तंजावरच्या मराठी घरांतही तमिळ शिरली. तिथली मराठी ऐकून आपल्याकडचा माणूस पटकन म्हणतो, ‘ही बिघडलेली मराठी.’ हे म्हणण्याआधी आपण आपल्याच बोलीकडे पाहावे. कोल्हापुरात आपण ज्यांना अण्णा, अक्का म्हणतो, ते शब्द कानडीतून आले. विष्णुदास भाव्यांनाही नाटकाची प्रेरणा कर्नाटकातून सांगलीत आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांनी दिली. म्हणजे तंजावर असो वा सांगली, मराठी नाटक दक्षिणेच्या शेजारातच उभे राहिले. तंजावरकरांनी तो शेजार नाटकाच्या नावातच मांडला, एवढाच फरक. मराठी नाटकाचा इतिहास लिहिताना त्यांना परिशिष्टात टाकायचे की पहिल्या प्रकरणात घ्यायचे, हे ठरवताना शुद्धतेची फूटपट्टी उपयोगाची नाही. ती लावली, तर सांगलीही तिच्यात बसणार नाही.