पेशीतला रेंगाळणारा उजेड: लॅन्थॅनाइड संयुगं कशी काम करतात?

पिक्चर ट्यूबवाले रंगीत टीव्ही घरोघरी होते, तेव्हा पडद्यावरचा लाल रंग युरोपियम या धातूमुळे उजळायचा. आज त्याच युरोपियमची संयुगं जिवंत पेशींच्या आत काय चाललंय ते पाहण्यासाठी वापरली जातात.

युरोपियम आणि टर्बियम हे लॅन्थॅनाइड गटातले धातू. आवर्त सारणीच्या तळाशी दोन ओळी वेगळ्या काढलेल्या असतात, त्यातली वरची ओळ या गटाची. युरोपियम साधारण ६१५ नॅनोमीटरवर लाल, तर टर्बियम ५४५ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा प्रकाश देतो.

अडचण काय होती?

पेशीतला एखादा भाग सूक्ष्मदर्शकाखाली दिसावा म्हणून त्याला चमकणारा रेणू जोडतात. पण पेशी स्वतःही थोडी चमकते. तिच्यातले काही नैसर्गिक रेणू प्रकाश पडताच उजळतात आणि त्या गलक्यात हवा तो बारीक संकेत हरवतो.

मात्र पेशीची ही चमक काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत विझते. युरोपियम-टर्बियमचा उजेड मिलिसेकंदापर्यंत टिकतो. देवळात टाळ्या आणि घंटा एकदम वाजल्या, तर टाळी लगेच थांबते, घंटेचा नाद रेंगाळतो. उपकरण याचाच फायदा घेतं. प्रकाशाचा झोत टाकायचा, किंचित थांबायचं आणि मगच कॅमेरा उघडायचा. तोवर पेशीची चमक विझलेली असते, उरतो तो लॅन्थॅनाइडचा उजेड.

एकट्या धातूचं काम नाही

हे धातू स्वतः प्रकाश फार कमी शोषतात. म्हणून त्यांच्याभोवती एक सेंद्रिय रेणू गुंफतात. तो अँटेनासारखा प्रकाश पकडून ऊर्जा धातूकडे देतो. ही देवाणघेवाण वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखवली होती.

या वेढ्याची आणखी दोन कामं आहेत. पाण्याचे रेणू धातूला चिकटले, तर त्यांची कंपनं ऊर्जा पळवतात आणि उजेड मंदावतो. वेढा पाण्याला दूर ठेवतो. शिवाय सुटा धातू पेशीला अपायकारक ठरू शकतो, म्हणून तो घट्ट बांधलेला असावा लागतो.

उपयोग आणि मर्यादा

थांबून पाहण्याची ही युक्ती आधी रक्ततपासणीत रुळली. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात टीएसएच मोजण्यासाठी युरोपियमवर आधारित चाचण्या वापरल्या जातात. जन्मजात थायरॉइडची कमतरता वेळेत कळली, तर औषधाने बाळाच्या मेंदूची वाढ खुंटण्यापासून वाचवता येते. तिथे तपासणी नमुन्याची असते, जिवंत पेशीची नाही.

जिवंत पेशीत काम नाजूक होतं. अँटेनाला बहुधा अतिनील किंवा त्याच्या जवळचा प्रकाश लागतो. तो पेशीला इजा करू शकतो आणि शरीरात खोलवर पोहोचतही नाही. म्हणून संपूर्ण प्राण्यासाठी अवरक्त प्रकाशाकडे लक्ष वळलं आहे. यटर्बियम ९८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतो आणि तसा प्रकाश ऊतींमधून जास्त सहज पार होतो. पण अवरक्तात पाण्याचा त्रास आणखी वाढतो, त्यामुळे इथेही सगळी भिस्त वेढा किती पक्का आहे यावरच असते.