गाडीतून उतरायचं नाही: क्रूगरच्या रस्त्यांचा इतिहास

गेल्या डिसेंबरात मी एक एक्सेल शीट उघडली आणि तिला नाव दिलं 'क्रूगर'. जूनमध्ये आई-बाबांना घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात जायचं होतं. मुक्काम आठ दिवस, गाडी भाड्याची आणि चालवणार मी. आम्ही नागपूरचे, त्यामुळे ताडोबा लहानपणापासून पाहिलेलं. पण तिथं जिप्सी ठरलेली, चालक ठरलेला, गाईड ठरलेला, वेळही ठरलेली. क्रूगरमध्ये साधी चारचाकी घेऊन कुणीही फाटकातून आत जाऊ शकतं आणि वाटलं तर एका पाणवठ्यावर दोन तास बसून राहू शकतं. हे स्वातंत्र्य मला फार मोलाचं वाटत होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. प्रवास आखायचा म्हणजे माझ्यासाठी अटींचं गणित. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरची मर्यादा, कच्च्या रस्त्यावर ४०. जूनमध्ये फाटकं सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात, त्याआधी कॅम्पात पोचायलाच हवं. कॅम्प आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही. स्कुकुझा ते सतारा हे अंतर सुमारे ९३ किलोमीटर. पण थांबत थांबत गेलं तर ताशी वीस-पंचवीसचाच वेग पडतो, म्हणजे चार तास धरायचे. वाहनं आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालतात, ही एक सोय. जून म्हणजे तिथला कोरडा हिवाळा. गवत विरळ, पाणी कमी, त्यामुळे प्राणी पाणवठ्यावर येतात. सगळं रकान्यांत नीट बसत होतं.

मग व्हिसाची कागदपत्रं जमवताना बाबांनी कपाटातून त्यांचा जुना पासपोर्ट काढला. ऐंशीच्या दशकात मस्कतला नोकरीसाठी गेले होते तेव्हाचा. तो कोणत्या देशांसाठी वैध आहे हे एका पानावर लिहिलेलं होतं: सगळे देश, दक्षिण आफ्रिका सोडून.

"आपल्याला तिकडे जायला बंदी होती अगं," बाबा म्हणाले. "आपल्याच सरकारनं घातलेली." मग माझ्या लॅपटॉपवरच्या नकाशाकडे बघत त्यांनी विचारलं, "एवढं मोठं जंगल. तिथं आधी राहायचं कोण?"

बंदीचा भाग मला शोधून लगेच सापडला. तिथल्या भारतीयांवर होणाऱ्या अन्यायाच्या निषेधार्थ भारतानं १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापारी संबंध तोडले. राजनैतिक संबंध पूर्ववत व्हायला १९९३ साल उजाडलं. बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला माझ्या एक्सेल शीटच्या रकान्यांतच शोधावं लागलं. मी रोज ज्या नावांची अंतरं मोजत होते, त्या प्रत्येक नावामागे काहीतरी होतं.

पहिलं नाव अर्थातच क्रूगर. पॉल क्रूगर १८८३ ते १९०० या काळात ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकाचे अध्यक्ष होते. त्यांच्या सरकारनं १८९८ साली साबी नदीच्या परिसरात शिकारबंदीचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. उद्यानाची सुरुवात इथून मानतात. पण याच सरकारनं १८८५ साली तिसऱ्या क्रमांकाचा कायदा केला होता. त्या कायद्यानं आशियाई लोकांना नागरिकत्व नाकारलं आणि ठरवून दिलेल्या वस्त्यांबाहेर राहायला, जमीन घ्यायला आडकाठी केली. पुढे गांधींनी ट्रान्सवालमध्ये जो लढा दिला, त्याच्या मुळाशी या कायद्यापासून सुरू झालेली मालिका आहे. क्रूगर हे थोर निसर्गरक्षक होते ही प्रतिमाही नंतर घडवली गेली, हे इतिहासकार जेन कॅरुथर्स यांनी दाखवून दिलं आहे. १९२६ साली राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला तेव्हा बोअरांचे वंशज असलेल्या आफ्रिकानर मतदारांचा पाठिंबा हवा होता आणि त्यासाठी हे नाव सोयीचं होतं.

दुसरं नाव स्कुकुझा, उद्यानातला सगळ्यात मोठा कॅम्प. आमचा पहिला मुक्काम तिथेच. हे एका माणसाचं टोपणनाव आहे. बोअर युद्ध संपल्यावर १९०२ साली ब्रिटिशांनी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याला या राखीव क्षेत्राचा वॉर्डन नेमलं. तिथल्या त्सोंगा लोकांनी त्याला स्कुकुझा म्हणायला सुरुवात केली. त्याचा अर्थ कुणी 'झाडून साफ करणारा' असा सांगतात, कुणी 'उलथापालथ करणारा' असा. दोन्ही अर्थ त्याला लागू पडतात. त्यानं शिकाऱ्यांना बाहेर काढलं आणि राखीव क्षेत्रात राहणाऱ्या माणसांनाही बाहेर काढलं. १९३६ साली कॅम्पला हेच नाव दिलं गेलं. आज ते नकाशावर अशा दिमाखात आहे की गौरवानं दिलेलं वाटावं.

स्टीव्हन्सन-हॅमिल्टनला नुसतं खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. तो आला तेव्हा बेसुमार शिकारीनं आणि १८९६-९७च्या बुळकांडीच्या साथीनं इथलं वन्यजीवन जवळजवळ संपलं होतं. तो १९४६ पर्यंत, म्हणजे चार दशकांहून जास्त काळ, इथे टिकून राहिला. जून महिन्यात मला जो हत्ती दिसेल तो त्याच्या हट्टामुळे दिसेल. पण माणसं काढल्याशिवाय प्राणी वाचणार नाहीत, हे त्यानं गृहीत धरलं होतं. पुढे मजूर हवे झाले तेव्हा त्यातल्या काहींना आत राहू दिलं, कामाच्या किंवा भाड्याच्या बदल्यात.

मग प्रश्न आला रस्त्यांचा. राखीव क्षेत्र टिकवायचं तर मतदारांना ते आवडायला हवं, हे वॉर्डनच्या लक्षात आलं होतं. १९२३ साली रेल्वेनं नऊ दिवसांची एक सहल सुरू केली. गाडी ट्रान्सवालभर फिरून सेलाटी मार्गानं राखीव क्षेत्रातूनही जायची. प्रवाशांना सगळ्यात जास्त आवडला तो हाच टप्पा. प्राणी मारण्यासाठी नाही तर नुसते बघण्यासाठी लोक पैसे मोजतात, हे तेव्हा सिद्ध झालं. १९२७ साली उद्यान मोटारींना खुलं झालं. त्या वर्षी तीन गाड्या आल्या. १९२८ साली १८०, आणि १९२९ साली ८५०. आपण ज्याला सेल्फ-ड्राइव्ह सफारी म्हणतो, तिचा जन्म हा.

या वाढत्या गाड्यांसाठी रस्ते बांधले कुणी? मोझांबिकमधून खाणीत आणि शेतांवर काम शोधायला माणसं सीमा ओलांडून चालत येत. त्यांची वाट उद्यानातूनच जायची. परवान्याशिवाय येणाऱ्यांना पकडून शिक्षा म्हणून काही दिवस उद्यानाच्या कामावर जुंपलं जाई, आणि मग कामाचा शोध घ्यायला पास मिळे. हे मजूर उद्यानाला जवळजवळ फुकट पडत. जंगलात पायी चालण्याचा गुन्हा केलेल्यांनी इतरांसाठी गाडीनं फिरायचे रस्ते बांधले. मी ज्या रस्त्यांवर ताशी २५ किलोमीटरचा हिशोब लावत होते, त्यातले जुने रस्ते असे झालेले आहेत. हे वाचलं त्या रात्री मी शीट बंद करून ठेवली.

दोन दिवसांनी परत उघडली, तेव्हा तिसरं नाव समोर होतं: बलुले. ऑलिफंट्स नदीजवळचा छोटासा कॅम्प. मोजक्या झोपड्या, वीज नाही. स्वस्त आणि शांत म्हणून मी तो निवडला होता. वर्णभेदाच्या काळात अनेक वर्षं गोरे नसलेल्या पर्यटकांच्या मुक्कामासाठी हाच कॅम्प राखून ठेवलेला होता, भारतीय वंशाच्या पर्यटकांसाठीसुद्धा. जेकब द्लामिनी या दक्षिण आफ्रिकी इतिहासकारानं २०२० साली आलेल्या 'सफारी नेशन' या पुस्तकात हाच धागा पकडला आहे. काळी माणसं क्रूगरमध्ये फक्त मजूर किंवा चोरटे शिकारी म्हणून नव्हती, तीही आमच्यासारखीच हौसेनं बघायला येत होती. हे वाचून मला बरं वाटलं. अन्यायाच्या गोष्टीत माणसं नुसती सोसणारी उरतात. इथं ती डबा बांधून सिंह बघायला निघालेलीही दिसली.

चौथं नाव पाफुरी. उद्यानाच्या उत्तर टोकाला लिंपोपो आणि लुवुव्हू या नद्यांच्या मधला त्रिकोण. तिथं माकुलेके समाजाची गावं होती. १९६९ साली सरकारनं सुमारे तीन हजार माणसांना तिथून हलवलं, त्यांना स्वतःची घरं स्वतःच जाळायला लावली आणि जमीन उद्यानाला जोडली. वर्णभेद संपल्यावर माकुलेके लोकांनी जमिनीवर दावा केला, आणि १९९८ साली सुमारे २४ हजार हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ते परत राहायला गेले नाहीत. जमीन संवर्धनाखालीच ठेवायची, पण मालकी आमची आणि पर्यटनाचं उत्पन्नही आमचं, असा करार त्यांनी केला.

नागपूरकराला हे वाचताना ताडोबातून बाहेर हलवलेली गावं आठवणारच. मी इतक्यांदा तिथं गेले, पण जिप्सीतून जाताना एखादं मोकळं कुरण दिसलं की तिथं आधी गाव होतं का, असं कधी विचारलं नाही. कुरण म्हणजे हरणं दिसायची जागा, एवढंच माहीत होतं.

बाबांच्या प्रश्नाचं सगळ्यात जुनं उत्तर पाफुरीच्या जवळच मिळालं. थुलामेला नावाच्या टेकडीवर दगडी भिंतींचं एक जुनं राजस्थान आहे, साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकातलं. १९९०च्या दशकात तिथं उत्खनन झालं. सोन्याचे दागिने निघाले, चिनी मातीच्या भांड्याचे तुकडे निघाले, आणि काचेचे मणी. 'मानवाचा स्पर्श न झालेलं जंगल' हे वर्णन इथं टिकतच नाही. हे मणी हिंदी महासागराच्या व्यापारातून यायचे. त्या काळात पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पोचलेल्या मण्यांच्या काचेची घटकरचना आपल्या रायगडातल्या चौलच्या उत्खननात मिळालेल्या मण्यांशी जुळते, असं संशोधकांना आढळलं आहे. थुलामेलातला अमुक मणी चौलचाच, असं मी म्हणत नाही. पण आमच्या पासपोर्टवर बंदी येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून कोकण किनारा आणि हा प्रदेश एकमेकांना ओळखत होते, एवढं नक्की.

जाऊ नये, असंही एकदा मनात आलं. बाबांशी बोलले. ते म्हणाले, "न जाऊन कुणाचं भलं होणार? बंदी होती तेव्हा न जाण्याला अर्थ होता." मला ते पटलं.

मग आखणी बदलली. आधी आठपैकी सहा दिवस दक्षिणेकडे होते, कारण सिंह-बिबटे दिसण्याची शक्यता तिकडे जास्त. आता दक्षिणेत चार, बलुलेत एक आणि उत्तरेला तीन. थुलामेलाला गाईडबरोबर चालत जायचं, म्हणजे एक सकाळ तरी गाडीतून उतरायची परवानगी आहे. पाफुरीतली लॉजं आमच्या बजेटबाहेरची आहेत, म्हणून मुक्काम पुंडा मारियाला. तिथून एक दिवस लिंपोपो आणि लुवुव्हूच्या संगमापर्यंत जाऊन यायचं. तिथं दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि मोझांबिक या तीन देशांच्या सीमा भेटतात.

सिंह कमी दिसतील, हे आईला सांगून टाकलं आहे. ती म्हणाली, "ताडोबातही कुठे दरवेळी वाघ दिसतो?"

व्हिसा झाला आहे. बाबांनी तो जुना पासपोर्टही बॅगेत टाकलाय, नव्याच्या खाली.