बासरी मैफलीत केव्हा आली?

देवळातल्या कृष्णाच्या हाती बासरी पाहून आपल्याला वाटते, हे वाद्य मैफलीत पहिल्यापासून मानाने बसले असणार. तसे नाही हो.

ग्रंथांत मान होता. नाट्यशास्त्रात 'वंश' आहे. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तर फुंकायच्या आणि बोटांच्या छिद्रांमधले अंतर अंगुळांत मोजून वेणूचे कितीतरी प्रकार सांगितले. दक्षिणेतही कुंभकोणमच्या अंध शरभशास्त्रींनी (१८७२-१९०४) बासरीला कचेरीत स्थान मिळवून दिले. उत्तरेत मात्र ती गुराख्याच्या पाव्यापुरती, फार तर वाद्यवृंदापुरती राहिली.

कारण साधे आहे. आखूड बासरीचा आवाज चढा. त्यावर धून छान वाजते, पण ख्यालाचा विलंबित आलाप गळ्यासारखा, खालच्या स्वरांत रेंगाळणारा हवा. नळी लांबली की स्वर खाली उतरतो.

हे काम केले पन्नालाल घोष यांनी. जन्म १९११ चा, बारिसालचा (आता बांगलादेशात). १९४० मध्ये ते मुंबईला आले, सिनेमात काम केले आणि सुमारे ३२ इंचांची बासरी मैफलीत आणली. लोक त्यांच्या दमसासाचे कौतुक करतात. मला मोठी वाटते ती बोटांची चिकाटी! एवढ्या लांब नळीवर छिद्रे दूरदूर पडतात, बोटांची टोके पुरत नाहीत, मधल्या पेरांनी ती झाकावी लागतात. शिवाय सहा छिद्रे बंद केली की मंद्र पंचमापाशी वाट संपते. यमन, पूरिया वाजवायचे तर त्याखालचा तीव्र मध्यम हवाच. म्हणून त्यांनी करंगळीसाठी सातवे छिद्र पाडले. नाव झाल्यावरही १९४७ मध्ये ते अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकायला बसले. (आमच्या शिक्षक मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावे.) १९५६ मध्ये दिल्ली आकाशवाणीवर गेले आणि १९६० मध्ये, पन्नाशीही न गाठता, वारले.

त्यांचे जावई आणि शिष्य देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ते सातवे छिद्र जपले. हरिप्रसाद चौरसियांनी लांब बासरी घेतली, पण छिद्रे सहाच ठेवली. कोणते बरोबर, यावर वादक अजून वाद घालतात. बांबू मात्र दोघांनाही तसाच लागतो: पातळ सालीचा, लांब पेरांचा, मध्ये गाठ नसलेला. तो बहुधा आसामातून येतो.