आठवड्याचा पगार, आठवड्याची सुट्टी : सहलीच्या खर्चाचा इतिहास

#इतिहासधागा

१/ एप्रिल उजाडला की घरोघरी एक प्रश्न निघतो : यंदा सहलीवर किती खर्च करायचा? कोणी उत्पन्नाचा ठरावीक टक्का सांगतो, कोणी एका महिन्याचा पगार. पण कष्टकरी कुटुंबाने सहलीसाठी किती पैसे बाजूला काढावेत, हा प्रश्न तरी मुळात केव्हापासून विचारला जाऊ लागला? आजचा धागा त्याविषयी. सुरुवात इंग्लंडमधील लँकेशायरपासून करू, शेवटी मुंबईत येऊ.

२/ एकोणिसाव्या शतकात लँकेशायर ही जगाची कापडगिरणी होती. ओल्डहॅम, बोल्टन, ब्लॅकबर्न, बर्नली ही गावे सुतावर जगत. या भागात ‘वेक्स’ नावाची जुनी प्रथा होती. आपल्याकडे ग्रामदैवताची जत्रा भरते, तसा तेथे गावच्या चर्चचा वार्षिक उत्सव भरे. शेतीचे गाव गिरणीचे गाव झाले, तरी लोकांनी जत्रा सोडली नाही.

३/ मालकांना हे खाडे मान्य नव्हते. पण निम्मे कामगार गैरहजर असताना गिरणी चालवणे परवडत नाही. अखेर तडजोड झाली : वेक्सच्या काळात गावातील गिरण्या एकदमच बंद ठेवायच्या, तेवढ्यात बॉयलर आणि यंत्रांची दुरुस्तीही उरकून घ्यायची. एक-दोन दिवसांची जत्रा हळूहळू आठवड्यावर गेली.

४/ त्यातच रेल्वे आली. १८४६ मध्ये लोहमार्ग ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचला. प्रत्येक गावाचा वेक्सचा आठवडा वेगळा असल्याने सारे लोक एकाच वेळी येत नसत. उन्हाळाभर आज हे गाव तर उद्या ते, अशी पाळी लागे. १८६३ मध्ये तेथे समुद्रात शिरणारा पहिला धक्का बांधला गेला, १८९४ मध्ये आयफेलच्या धर्तीवर मनोरा उभा राहिला. गिरणी कामगारांच्या शिलिंगांवर एक संपूर्ण शहर पोसले जाऊ लागले.

५/ आता मुख्य मुद्दा. ही सुट्टी बिनपगारी होती. गिरणी बंद म्हणजे मजुरी बंद. त्यामुळे कुटुंबाला सुट्टीची किंमत दोनदा मोजावी लागे : एकदा बुडालेल्या मजुरीत, दुसऱ्यांदा प्रवास, खोली आणि जेवणात. शिवाय मागे राहिलेल्या घराचे भाडे काही थांबत नसे.

६/ समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडतो. कुटुंबाची एकत्र कमाई आठवड्याला ४० शिलिंग धरू. (२० शिलिंगांचा एक पौंड, १२ पेन्सांचा एक शिलिंग.) सहलीचा खर्च तेवढाच, ४० शिलिंग. बुडालेली मजुरी आणखी ४०. एकूण ८०. ही रक्कम ५० आठवड्यांत जमवायची, तर दर आठवड्याला सुमारे १ शिलिंग ७ पेन्स, म्हणजे कमाईचे ४ टक्के बाजूला पडले पाहिजेत. पगारी सुट्टी असती, तर २ टक्क्यांत भागले असते.

७/ ही शिल्लक टाकण्यासाठी कामगारांनीच व्यवस्था उभी केली. तिचे नाव ‘गोइंग-ऑफ क्लब’. गिरणीत, चर्चमध्ये, गुत्त्यात असे क्लब असत. दर आठवड्याला ठरलेली रक्कम भरायची आणि वेक्सच्या तोंडावर सारी एकदम उचलायची. आपल्या भिशीची आठवण यावी अशी ही रीत; फरक एवढाच की येथे चिठ्ठी निघत नसे. सर्वांची वेळ एकच, कारण सर्वांची सुट्टी एकच.

८/ पण हे लँकेशायरलाच का जमले? खाणकामगार किंवा शेतमजूर अशा सहलींना का गेले नाहीत? जत्रेची परंपरा हे एक कारण. दुसरे, अधिक वजनदार कारण म्हणजे घरातील कमावणाऱ्या हातांची संख्या. सूतगिरण्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला होत्या. मुलेही होती : अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस गिरणी. ही ‘हाफ-टायमर’ पद्धत संपवणारा कायदा १९१८ साली आला. ब्लॅकपूलच्या वाळूवरील त्या आनंदात बालमजुरीचे पैसेही होते, हे विसरता येत नाही.

९/ तेथे पोहोचल्यावर काटकसर कशी होई, तेही पाहण्यासारखे आहे. कामगार कुटुंबे हॉटेलात उतरत नसत. एखाद्या घरमालकिणीकडे खोली घेत. एकेका खोलीत, प्रसंगी एकेका पलंगावर, शक्य तितकी माणसे. शिधा आपला आपण आणायचा, मालकिणीने तो रांधून द्यायचा. मीठ-मिरपूड-व्हिनेगरची कुपी वापरल्याबद्दल बिलात वेगळा आकार लावणाऱ्या मालकिणी तर विनोदाचा विषय झाल्या होत्या.

१०/ या काटकसरीचा भार कोणावर पडे? बाजारहाट, शिध्याचे मोजमाप, मुलांची उस्तवार ही कामे गिरणीच्या गावातून किनाऱ्यावर आली, पण बाईच्याच वाट्याला राहिली. आठवडाभर पेन्स मोजून वर्षभर शिल्लक टाकणारीही बहुधा तीच. सहलीचा खर्च रुपये-पैशांत मांडताना हा श्रम हिशेबात येत नाही, तेव्हाही येत नसे.

११/ दुसरीकडे प्रतिष्ठित वर्गाचा सूर टीकेचा होता. वर्षभराची शिल्लक आठवड्यात उधळणारे हे लोक आजारपणासाठी, म्हातारपणासाठी का साठवत नाहीत? प्रश्न अगदीच निराधार नव्हता. पण विचारणाऱ्यांची स्वतःची उन्हाळी विश्रांती मात्र कोणी उधळपट्टी म्हणत नव्हते. तीच कृती एका वर्गात ‘आरोग्य’ ठरते, दुसऱ्यात ‘चैन’. खर्चाच्या इतिहासात ही दुटप्पी फूटपट्टी वारंवार भेटते.

१२/ कुटुंबाला ‘किती लागते’ याचे शास्त्रीय उत्तर शोधणारा एक माणूस म्हणजे सीबोम राउंट्री. १८९९ मध्ये त्याने यॉर्क शहरातील कामगार कुटुंबांची पाहणी केली. आई-वडील आणि तीन मुले, एवढ्यांना केवळ शरीर टिकवण्यासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्याचा हिशेब होता. ही त्याची दारिद्र्यरेषा.

१३/ या रेषेवर सहलीला किती तरतूद? शून्य. राउंट्रीनेच ते स्पष्ट केले : या रेषेवरील कुटुंबाने रेल्वे-बसवर एक पेनीही खर्चायची नाही, शहराबाहेर जायचे तर पायी जायचे, वर्तमानपत्र नाही, टपाल नाही. हा त्याचा आदर्श नव्हता. आपली रेषा किती कठोर आहे आणि तरीही किती लोक तिच्या खाली आहेत, हे त्याला दाखवायचे होते.

१४/ १९३६ मध्ये राउंट्रीने यॉर्कची पुन्हा पाहणी केली. या वेळी तेवढ्याच कुटुंबाची गरज, घरभाडे वगळून, ४३ शिलिंग ६ पेन्स धरली. आणि किरकोळ खर्चाच्या खात्यात तंबाखू, पुस्तके, भेटवस्तू यांच्या ओळीत एक नवा शब्द आला : सुट्टी. या साऱ्यांना मिळून आठवड्याला तीन शिलिंगांच्या थोडी वर रक्कम. तरतूद नगण्यच, पण चार दशकांत सुट्टी शून्यावरून गरजांच्या यादीत आली होती. मला हा बदल ब्लॅकपूलच्या मनोऱ्याहून मोठा वाटतो.

१५/ यादीत नाव आले तरी पैसा कोठून यावा? कामगार संघटनांची मागणी पगारी सुट्टीची होती. १९३७ मध्ये सरकारने लॉर्ड अमुल्री यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३८ च्या अहवालात चित्र स्पष्ट झाले : वर्षाला २५० पौंडांपर्यंत कमावणाऱ्या सुमारे १ कोटी ८५ लाख लोकांपैकी जेमतेम पाऊण कोटींना पगारी सुट्टी मिळत होती.

१६/ त्याच वर्षी ‘हॉलिडेज विथ पे ॲक्ट’ संमत झाला. त्याने सर्वांना सरसकट हक्क दिला, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. काही उद्योगांत वेतन ठरवणाऱ्या मंडळांना पगारी सुट्टी ठरवण्याचा अधिकार त्याने दिला. बाकी वाटचाल बहुतांशी संघटना आणि मालक यांच्यातील करारांतून झाली.

१७/ ही संधी बिली बटलिनने हेरली. १९३६ च्या ईस्टरला त्याने स्केगनेस येथे सुट्टी-छावणी उघडली होती : छोटी घरकुले, तीन वेळचे जेवण, करमणूक, सारे एकाच दरात. हंगामाप्रमाणे आठवड्याला ३५ शिलिंग ते ३ पौंड. त्याच्या जाहिरातीचा आशय असा : आठवड्याच्या पगारात आठवड्याची सुट्टी. ‘सहलीवर किती खर्चावे’ याला मिळालेले हे बहुधा सर्वांत आटोपशीर उत्तर.

१८/ आता हे उत्तर तपासू. १९३८ मध्ये उद्योगातील प्रौढ पुरुष कामगाराची सरासरी मजुरी आठवड्याला सुमारे ६९ शिलिंग होती. छावणीचा दर माणशी होता. हंगाम मंदीचा, दर किमान धरला, तरी नवरा-बायकोचेच ७० शिलिंग झाले. मुलांना सवलत धरली, तरी त्यांचा खर्च, रेल्वेभाडे आणि घरचे भाडे वेगळेच. आठवड्याच्या पगाराची सुट्टी अविवाहित तरुणाला जमत होती. चौघांच्या कुटुंबाला नाही.

१९/ म्हणजे पगारी सुट्टीने खर्चाचा एक भाग, बुडालेली मजुरी, भरून काढला. दुसरा भाग पूर्वीप्रमाणे वर्षभराच्या शिलकीतूनच येणार होता. त्यात १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, बटलिनची स्केगनेसची छावणी नौदलाकडे गेली. १९३८ च्या कायद्याची फळे लोकांनी खऱ्या अर्थाने चाखली ती युद्धानंतर.

२०/ आता मुंबई. लालबाग-परळच्या गिरण्यांतही तेच सूत, तोच भोंगा. पण येथील कामगाराची ‘सहल’ समुद्रकिनारी नव्हती. ती गावी होती. रत्नागिरीचा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यातल्या लग्नसराईला कोकणात जाई. राहण्याचे भाडे नाही, कारण घर आपलेच. मात्र खर्च कमी होता असे नव्हे : बोटीचे भाडे, सर्वांसाठी कपडालत्ता, गावच्या सणाची वर्गणी, आणि खाड्यांची बुडालेली मजुरी.

२१/ शिवाय येथे शिल्लक टाकायला फारसा वाव नव्हता. मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी सिद्ध केलेला अहवाल १९२३ मध्ये आला. त्यानुसार सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. व्याजाचा रूढ दर रुपयाला महिना एक आणा. म्हणजे वर्षाला ७५ टक्के. त्या दराने उचललेले २० रुपये वर्षाने ३५ होतात. लग्नाकार्याला, सणाला गावी जाण्याचे मोल असेही चुकवावे लागे.

२२/ १९३१ मध्ये व्हिटली आयोगाने (भारतातील कामगारविषयक शाही आयोग) गावाशी असलेल्या या नात्याची दखल घेतली. हे नाते तोडण्याऐवजी ते नियमित करावे, कामगाराला ठरावीक रजा द्यावी आणि परतल्यावर त्याची जागा त्याला मिळेल याची हमी द्यावी, असे आयोगाचे मत होते. गावाहून आल्यावर कामच गेलेले असणे, ही या प्रवासाची सर्वांत मोठी किंमत असू शकत होती.

२३/ १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्षाला किमान सहा दिवस पगारी रजेचा करार संमत केला होता. भारतात कारखाने कायद्यात पगारी सुट्टीची तरतूद १९४५ च्या दुरुस्तीने आली. १९४८ च्या कायद्याने प्रौढ कामगारासाठी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजेचे सूत्र घातले.

२४/ १९५६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलत सुरू केली : दोन वर्षांतून एकदा, स्वगावी. देशात कोठेही जाण्याची मुभा पुढे आली. आयकराच्या जुन्या पद्धतीतही सवलत केवळ प्रवासभाड्याला मिळते. हॉटेल आणि जेवणाला नाही. ‘मुक्कामाला गावी घर आहेच’ हे जुने गृहीतक मला या नियमांच्या मुळाशी दिसते.

२५/ या इतिहासातून आजच्या प्रश्नाला काय मिळते? टक्क्याचे एकच सूत्र नाही. आठवड्याचा पगार म्हणजे वार्षिक उत्पन्नाचे सुमारे २ टक्के, महिन्याचा पगार म्हणजे ८ टक्क्यांहून अधिक. दोन्ही ‘नियम’ म्हणून सांगितले जातात. त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. सुट्टीत मिळकत चालू राहते का? पैसा आधी जमवलेला आहे की नंतर फेडायचा आहे? आणि घरातील कोणाला त्या दिवसांत खरोखर विश्रांती मिळणार आहे?

२६/ ओल्डहॅमच्या विणकर बाईने पन्नास आठवडे पैसे भरले आणि मग गाडीत पाय ठेवला. गिरणगावातल्या अनेकांना आधी गाडी किंवा बोट पकडावी लागली आणि मग वर्षभर व्याज भरावे लागले. आज सहली हप्त्यांवर मिळतात. जाहिरातीत आकडा माणशी असतो आणि ‘पासून’ हा शब्द बारीक अक्षरांत. बटलिनच्या पत्रकासारखाच तो चौघांनी गुणून, भाडे मिळवून वाचावा.

२७/ आणि आज रोजंदारीवर, घरकामावर किंवा ॲपवरून पार्सल पोहोचवण्याच्या कामावर असलेल्या असंख्य कुटुंबांचा हिशेब अजून पाचव्या मुद्द्यातलाच आहे : सुट्टी घेतली की मजुरी बुडते. त्यांच्यासाठी ‘किती खर्च करावा’ याआधी ‘पगारी रजा कधी मिळणार’ हा प्रश्न उभा आहे.

धागा समाप्त. आपल्या घरी आजोबा-पणजोबांची गिरणीतली रजा, गावच्या फेऱ्या, भिशीच्या वह्या यांच्या आठवणी किंवा कागद असतील, तर खाली अवश्य लिहा. अशा वह्या रद्दीत जाऊ देऊ नका.